निकालाच्या कागदाचा फोटो

मतदानाच्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओंचा नुसता पाऊस पडतो, कुठे मशीन बंद, कुठे धक्काबुक्की, आणि आपण धडाधड फॉरवर्ड करत सुटतो. पण मला विचाराल तर सगळ्यात कामाची गोष्ट दिसायला अगदी रटाळ असते, केंद्रावरच्या निकालाच्या कागदाचा, म्हणजे तिथे कुणाला किती मतं पडली हे लिहिलेल्या कागदाचा फोटो.

इंडोनेशियाचंच बघा. जुलै 2014 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार, जोको विडोडो आणि प्रबोवो, आपणच जिंकलो असं सांगून मोकळे झाले. तिथल्या आयोगाने केंद्राकेंद्रावरचे हाताने भरलेले फॉर्म स्कॅन करून साइटवर टाकले होते, पण ते नुसते फोटो, बेरीज कोण करणार? तर सातशेच्या आसपास स्वयंसेवक 'कावल पेमिलू' नावाच्या साइटवर बसून एकेक फॉर्म डोळ्यांनी वाचत गेले आणि आकडे टाइप करत गेले, आणि केंद्रं किती तर साडेचार लाखांच्या वर! त्यामुळे कुणालाही घरबसल्या ताळा करून बघता येत होता, आणि त्यांची बेरीज अधिकृत निकालाच्या अगदी जवळ निघाली.

व्हेनेझुएलात 28 जुलै 2024 ला उलटं झालं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरोच जिंकले असं तिथल्या निवडणूक आयोगाने जाहीर केलं पण केंद्रनिहाय आकडे काही दिले नाहीत. मग विरोधकांच्या पोलिंग एजंटांनी मशीनमधून निघालेल्या निकालाच्या पट्ट्या, लांबच लांब, बिलासारख्या, क्यूआर कोड असलेल्या, गोळा केल्या आणि 80 टक्क्यांहून जास्त केंद्रांच्या ऑनलाइन टाकल्या. तेव्हा सत्ता बदलली नाही, आणि ते मला अजून लागतं. पण त्या पट्ट्या आता जगासमोर आहेत, त्या कोणी गायब करू शकत नाही.

व्हिडिओ बिनकामाचे असं नाही म्हणत मी. रशियात डिसेंबर 2011 मध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ बघूनच हजारो लोक रस्त्यावर आले. फक्त व्हिडिओ कधीचा, कुठला हे कळायला हवं. भारतीय निवडणूक आयोगाच्या, आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायच्या 'सी-व्हिजिल' ॲपमध्ये म्हणूनच गॅलरीतला जुना फोटो चालत नाही, तिथल्या तिथे काढावा लागतो, लोकेशन आपोआप जातं, आणि 100 मिनिटांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो.

मत देताना मात्र कॅमेरा खिशातच ठेवा, मत गुप्तच राहिलं पाहिजे. आणि निकालाचा कागद टिपायची परवानगी असेल तर केंद्राचा नंबर, सह्या, चारही कोपरे नीट येऊ द्या, हलला तर तिथेच परत काढा, कारण नंतर तो कागद तिथे असेलच असं नाही.