उत्तरेचा बाण आणि अडलेली बांधकाम परवानगी

सातबारा, कराच्या पावत्या आणि अभियंत्याचा दाखला हे टप्पे विनासायास पार पडले. आमची फाईल अडली ती उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणापाशी.

त्रुटीपत्रात एकच वाक्य होते: ‘चतुःसीमा नकाशाशी जुळत नाहीत, दुरुस्त करून सादर करावे.’ चतुःसीमा म्हणजे प्लॉटच्या चारही बाजूंना काय आहे याची नोंद. कोणता कागद कशाशी जुळत नाही, याचा उल्लेख नव्हता. नगररचना विभागात विचारले की आर्किटेक्टकडे पाठवत, आर्किटेक्ट मोजणीच्या नकाशाकडे बोट दाखवत, आणि मोजणीच्या कार्यालयात ‘क’ प्रत (मोजणीनंतर मिळणारा अधिकृत नकाशा) बरोबर असल्याचे सांगत. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या कागदापुरते खरे होते, परंतु तिन्ही कागद एकत्र पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, याचा मला आजही राग येतो.

अखेर सर्व नकाशे मी जमिनीवर मांडले आणि प्रत्येकावरचा बाण एकाच दिशेला येईल असे ते फिरवले, तेव्हा उलगडा झाला. आमचा प्लॉट तिरका असून रस्ता ईशान्येला आहे. खरेदीखतात तो ‘पूर्वेस’ लिहिला होता, आर्किटेक्टने ‘उत्तरेस’ लिहिला होता, तर ‘क’ प्रतीवर केवळ बाण होता. शिवाय तळमजल्याचा नकाशा काढताना भिंती कागदाच्या कडांना समांतर याव्यात म्हणून प्लॉट फिरवला गेला, पण त्या पानावरचा बाण सरळ वर रोखलेलाच राहिला. काहींनी चुंबकीय (होकायंत्र दाखवते ती) आणि खऱ्या उत्तरेतील फरकाची शंका काढली. परंतु पश्चिम महाराष्ट्रात तो एका अंशाहूनही कमी असल्याने ४५ अंशांची तफावत त्यातून येणे शक्य नाही. खरे कारण म्हणजे जुन्या चतुःसीमा नजरेने सांगितलेल्या असतात, आणि डिसेंबरात आपल्याकडे सूर्य ठीक पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, म्हणजे उगवतीवरून धरलेली पूर्व ऋतूनुसार सरकते.

चूक दुरुस्ती लेख (खरेदीखतातील चूक सुधारणारा नोंदणीकृत दस्त) करा, असाही सल्ला मिळाला. त्यासाठी विक्रेत्याची सही लागते, म्हणून आधी सोपा उपाय करून पाहावा: प्रत्येक बाजूला दिशेबरोबर लगतच्या प्लॉटचा क्रमांक लिहावा आणि स्थळदर्शक नकाशापासून छताच्या आराखड्यापर्यंत प्रत्येक पानावर त्या पानाच्या मांडणीनुसार बाण तपासून घ्यावा. आमची परवानगी एवढ्यावरच मिळाली. मोबाईलमधील होकायंत्राने पडताळणी करताना लोखंडी सळ्या आणि वाहनांपासून दूर उभे राहावे, हेही आधीच सांगायला हवे होते. छतावर सौर पॅनेल बसवायची असतील तर बाणाकडे अधिकच लक्ष द्यावे, कारण त्यांचे तोंड दक्षिणेला ठेवावे लागते.

त्रुटीपत्रात न जुळणाऱ्या दोन्ही कागदांची नावे लिहिणे बंधनकारक करावे, असा लेखी अर्ज मी नगरपरिषदेकडे दिला आहे.