तुम्ही विचारलंत म्हणून: टर्कीचा पहिला कॉल कुठला घ्यावा?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला शेजाऱ्याने एकदा वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला नेलं की थोड्याच दिवसांत त्याचा प्रश्न येतो: ‘पहिला कॉल कुठला घेऊ? आणि हुबेहूब आवाज यायला किती दिवस लागतात?’ कॉल म्हणजे मादीचा आवाज काढायचं हातातलं किंवा तोंडातलं साधन. रानटी टर्कीच्या नराला त्या आवाजावर बंदुकीच्या टप्प्यात आणायचं, हाच या शिकारीचा सगळा खेळ. पेनसिल्व्हेनियात तर वसंत हंगामात बोलावूनच शिकार करायची असा नियम आहे. पक्ष्याच्या मागावर दबकत जाणं तिथे बेकायदा.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण पैसे बहुधा त्या गैरसमजापायीच वाया जातात. हुबेहूब आवाजाची गरज नाही. रानातल्या कित्येक खऱ्या माद्या इतक्या बेसूर ओरडतात की कॉल वाजवण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होतील. नर तरीही त्यांना उत्तर देतो. त्याला ओळखू येतो तो ताल, दोन आवाजांमधलं अंतर, आणि मधली शांतता. शिवाय आपण त्याच्याकडे उलटंच काही मागत असतो. विणीच्या हंगामात नर ‘गॉबल’ करून आपली जागा सांगतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. आपण मादीचा आवाज काढून म्हणतो, तूच इकडे ये. त्यामुळे आवाज कितीही सुरेख असला तरी अति बोलवलं की तो जागीच पिसारा फुलवून वाट बघत उभा राहतो.

आता साधन. पहिला कॉल पॉट कॉल घ्या, तोही पाटीच्या दगडाचा. तीन-साडेतीन इंच व्यासाची लाकडी किंवा प्लास्टिकची उथळ वाटी, तिच्या तोंडावर दगडाची पातळ चकती, आत जरा खाली आवाज घुमवणारी दुसरी चकती आणि बुडाला भोकं, एवढाच कारभार. सोबत एक काडी मिळते, तिला स्ट्रायकर म्हणतात. काच आणि अ‍ॅल्युमिनियमचे पॉट मोठ्याने वाजतात, वाऱ्याच्या दिवशी ते हवेतच. पण शिकताना त्यांच्यावरची चूकही तितकीच लांब ऐकू जाते.

दगड गुळगुळीत असेल तर काडी नुसती घसरते. भांडी घासायच्या हिरव्या घासणीने किंवा बारीक पॉलिश पेपरने तो एकाच दिशेने घासून घ्या. काचेला जाडा पेपर लागतो, ८० ते १०० नंबरचा. गोल गोल घासू नका. एका दिशेने चरे पडले पाहिजेत आणि काडी त्या चऱ्यांना आडवी चालली पाहिजे. तंबोऱ्यात जवारीचं जे काम, ते इथे या चऱ्यांचं. आवाजातली खरखर तिथूनच येते. घासल्यावरची भुकटी फुंकरीने उडवा, बोटाने पुसू नका. ‘काल वाजत होता, आज नुसता चीं करतोय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा बोटांचं तेल असतं, नाहीतर गोचिडीसाठी लावलेलं औषध. काडीच्या टोकालाही वापरून वापरून चकाकी येते. तेही अधूनमधून घासावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

वाटी तळहातावर टेकवायची नाही. बुडाची भोकं बुजली की आवाज कोंदटतो. बोटांच्या टोकांवर धरा, म्हणजे खाली पोकळी राहील. काडी पेन्सिलीच्या पकडीने, टोकापासून दीड-दोन इंचांवर धरा. तिचं वरचं टोक अंगापासून किंचित दूर कललेलं हवं, म्हणजे खालचं टोक तुमच्याकडे येतं आणि ओढताना थरथरतं. काडी उलटी कलली तर ती मुकाट सरकते, आवाजच निघत नाही. चकतीचा मध्य आणि कडा यांच्या दरम्यान रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान लंबवर्तुळ काढा. काडी उचलायची नाही. एक फेरा म्हणजे एक ‘येल्प’. त्यात आधी वरचा बारीक सूर आणि मग तो मोडून खालचा खरखरीत सूर यायला हवा. कडेकडे सरकलं की सूर चढतो, मध्याकडे उतरतो. तुमच्या चकतीवर सूर कुठे नेमका मोडतो ती जागा सापडली की वाटीच्या कडेवर खूण करून ठेवा. चार ते सात येल्प, सारख्या अंतराने, सेकंदाला साधारण तीन या गतीने. मग थांबा.

येल्पनंतर ‘क्लक’. काडी जरा दाबून पाव इंच झटक्यात ओढली की एकच ‘टक्’ निघतो. त्यानंतर ‘पर्’, म्हणजे निवांत चरणाऱ्या मादीची गुरगुर. हलक्या दाबाने सावकाश रेघ ओढायची. या तिघांवर अख्खा हंगाम निघतो. अडचण क्लकमध्ये आहे. तो जोरात आणि तीक्ष्ण गेला की त्याचा ‘पट’ होतो, आणि टर्कीच्या भाषेत पट म्हणजे धोका. साठ पावलांवर आलेला नर मान ताठ करून निघून जातो आणि नवशिका म्हणतो, त्याने मला पाहिलं. पाहिलेलं नसतं, तुम्हीच त्याला पळ म्हणून सांगितलेलं असतं.

सरावाचा आवाज कानाशी तपासू नका. हातातला पॉट स्वतःला नेहमीच कर्कश वाटतो. फोन ४० पावलांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि शेजारी खऱ्या मादीचं रेकॉर्डिंग लावून ताल जुळतो का ते ऐका. फोनचा उपयोग एवढाच. ‘मग तेच रेकॉर्डिंग रानात लावलं तर?’ असंही विचारलं जातं. बहुतेक राज्यांत शिकारीसाठी इलेक्ट्रॉनिक कॉल वापरायला बंदी आहे.

बॉक्स कॉल अनेक जण सुचवतात आणि त्यात गैर काही नाही. पातळ भिंतींची लांबट लाकडी पेटी आणि तिच्यावर एका टोकाला स्क्रूने अडकवलेलं, मुठीचं झाकण. आर्कान्साच्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये अशा पेटीचं पेटंट घेतलं, आणि आजच्या पेट्या बघितल्या तर मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. झाकणाचा तळ किंचित गोलसर असतो, त्याला खडू लावायचा. खडू मेण नसलेला हवा. मेणचट खडूने लाकडाचा आवाज बसतो. झाकण भिंतीवरून एक-दोन इंच सरकवायचं आणि न उचलता परत आणायचं. हात शिकाऊ असला तरी येल्प निघतो, हा तिचा मोठा गुण. पण ती वाजवायला दोन्ही हात गुंततात आणि ती दमटपणाला फार नाजूक आहे. पावसाळी दिवशी जुने लोक पेटी ब्रेडच्या प्लास्टिक पिशवीत ठेवतात आणि पिशवीतच वाजवतात. दोन गोष्टी करू नका: झाकणाचा तळ पॉलिश पेपरने घासू नका (हिरवी घासणी हलकेच फिरवली तर चालेल) आणि तो स्क्रू पिळू नका. बनवणाऱ्याने सूर त्या स्क्रूवरच बसवलेला असतो.

तोंडातला डायफ्रॅम कॉल मात्र शिकायचाच आहे असं समजा, लगेच नाही तरी दुसऱ्या हंगामापर्यंत. घोड्याच्या नालाच्या आकाराची अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिच्यात ताणलेला लॅटेक्सचा एक ते चार पापुद्र्यांचा पडदा, भोवती टेपची झालर. नर ४० यार्डांत आला की हात हलवायची सोय राहत नाही, तेव्हा याला पर्याय नाही. सुरुवात दोन पापुद्र्यांच्या, पडद्याला काप (चीर) नसलेल्या किंवा साध्या कापाच्या कॉलने करा. चौकटीची उघडी बाजू दातांकडे, गोल बाजू घशाकडे. टेप टाळूला घट्ट बसली पाहिजे. कडेने हवा निसटली की नुसती फुसफुस होते. जीभ हलकेच वर लावून हवा पोटातून ढकलायची, गाल फुगवून नाही. आधी एक लांब सरळ सूर धरा. तो स्थिर आला की ‘ची-ऑक’ म्हणत जबडा खाली सोडा, सूर आपोआप मोडतो. उमासे येत असतील तर टेप कात्रीने थोडी थोडी कमी करा आणि चौकट मधोमध जराशी वाकवा. वापरल्यावर पाण्याने खळबळून पापुद्र्यांमध्ये टूथपिक घालून सुकवा, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात. हंगाम संपला की फ्रिजमध्ये. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलेला डायफ्रॅम फेकायच्याच लायकीचा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

रानात काय करायचं ते थोडक्यात. नर झाडावरच्या रातथाऱ्यावरून पहाटे गॉबल करतो. त्याच्यापासून शे-दीडशे यार्डांवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. झाडावर असताना त्याला तीन-चार हलके येल्प पुरेत. तो खाली उतरला की वेळ मोजून थांबा. सगळ्यांत नेहमीची अडचण म्हणजे तो ७० यार्डांवर येऊन अडतो. मध्ये ओढा किंवा कुंपण असतं, नाहीतर त्याला मोकळी जागा दिसत असते आणि मादी मात्र दिसत नसते. त्यासाठी बसायची जागाच अशी निवडावी की उंचवट्याआडून डोकं वर काढताच तो टप्प्यात असेल. तरीही अडला, तर कॉल खाली ठेवा आणि हाताने पाचोळा उकरा: एकदा, मग लागोपाठ दोनदा, मग थांबायचं. चरणारी मादी असाच आवाज करते. उत्तर मिळालं नाही म्हणून येल्पचा भडिमार करणाऱ्यांनीच हा पक्षी लाजाळू करून ठेवलाय, असं माझं मत आहे.

कधी तो गप्पच असतो. मोठ्या आवाजाने दचकून नर नकळत गॉबल करतो, मग तो आवाज ढगांच्या गडगडाटाचा असो, गाडीचं दार आपटल्याचा असो, की घुबडाचा. म्हणून घुबड आणि कावळ्याच्या शिट्या खिशात ठेवतात. मोराच्या केकेची नक्कल करणारी शिटीसुद्धा मिळते, आणि ती चालते. गॉबलचा आवाज मात्र सार्वजनिक रानात काढू नका. तुम्हाला नर समजून दुसरा शिकारी तुमच्याकडे सरकतो. तांबडा, पांढरा, निळा हे रंग नराच्या डोक्याचे, म्हणून रुमालातही नकोत. दुसरा माणूस दिसला तर हात हलवून नाही, मोठ्याने बोलून सांगा.

स्पर्धांबद्दलही विचारतात. नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही १९७३ ची संस्था, तिच्या नॅशव्हिलच्या अधिवेशनात ग्रँड नॅशनल ही मोठी स्पर्धा होते. परीक्षक पडद्याआड बसतात. कोण वाजवतंय ते त्यांना दिसत नाही, ठरवून दिलेले आवाज फक्त ऐकू येतात. घुबडाच्या आवाजाचीही वेगळी स्पर्धा असते, आणि कॉल बनवणाऱ्यांचीही. साउथ कॅरोलायनातल्या नील कॉस्टने घडवलेल्या लांब ‘बोट पॅडल’ पेट्या संग्राहक हजारो डॉलर देऊन घेतात. हे ऐकायला-बघायला जरूर जा, पण स्पर्धेतली सलग धावती तान रानात नेऊ नका. तिथे ती कुणी मागितलेली नसते.

या नादिष्ट लोकांना हसण्याआधी एक ध्यानात घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी बहुतेक राज्यांतून जवळजवळ संपला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. रानातल्या आईविना वाढलेल्या पिल्लांना धोका ओळखता येत नव्हता. १९५०च्या दशकापासून रानातलेच पक्षी तोफेने उडवलेल्या जाळ्यात पकडून दुसरीकडे सोडायला लागले, तेव्हा संख्या सावरली. खर्चाचा मोठा वाटा १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका-काडतुसांवर बसवलेल्या करातून आला. आता आग्नेयेकडच्या राज्यांत पिल्लं पुन्हा कमी जगू लागली आहेत. जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगाम पुढे ढकलला आणि माणशी तीन नरांची मर्यादा दोनवर आणली.

तोंडाने तितराला साद घालणारे फासेपारधी ठाऊक असलेला एखादा जण हमखास विचारतो, मग साधनं हवीतच कशाला? नुसत्या गळ्याने टर्की बोलावणारे अमेरिकेतही आहेत. मोजकेच आहेत, आणि ते लहानपणापासून करत आलेले असतात. तुमच्या-आमच्यासाठी दगडाचा पॉट आणि दोन वेगवेगळ्या लाकडांच्या काड्या. काडी बदलली की त्याच दगडावर दुसरी मादी बोलते. यंदा एवढंच घ्या. डायफ्रॅम पुढच्या हिवाळ्यात गाडीत येता-जाता शिका. सराव घरात किंवा गाडीतच करा. हंगामाआधी रानात जाऊन वाजवलंत तर तिथले नर तुमच्या आवाजाला सरावतात आणि परवाना हातात येईपर्यंत ऐकेनासे होतात. आणि परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो कॉल मागवण्यापूर्वी उरकून घ्या.