तुम्ही विचारलंत म्हणून: पोटात लेकरू असताना मातीकाम करावं का?

"ताई, मला तिसरा महिना लागलाय. चाक बंद करू का?"

हा प्रश्न मला सारखा येतो. छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या वर्गातली एखादी मुलगी हत्यारं धुता धुता हळूच विचारते. कधी धाराशिवकडून एखाद्या कुंभाराच्या सुनेचा फोन येतो आणि मागून तिच्या सासूचा आवाज ऐकू येतो, "आमी काय केलं न्हाई का? नववा लागला तरी माती तुडवली." दर वेळी फोनवर घाईत सांगते आणि काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून आज सगळं लिहून ठेवते.

चाक बंद करू नका. चाकावरची ओली माती तुमच्या लेकराची वैरी नाही. वैर आहे ते कोरड्या धुळीत, झिलईच्या, म्हणजे भांड्याला काचेसारखी चमक देणाऱ्या लेपाच्या, पुड्यांत आणि धुरात.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. मीही कुंभाराच्याच घरची, तेरजवळच्या गावातली. माझ्या आईनं पाच बाळंतपणं चाकाशेजारीच काढली. पण तिनं काय केलं ते नीट बघा. तळ्याचा गाळ, काळी माती, राख, लीद हे सगळं भिजवून कालवायचं, माठाला थापटण्यानं आकार द्यायचा, वरून गेरूचा हात फिरवायचा. गेरू म्हणजे लोखंडाचाच गंज. आपल्या माठाला, रांजणाला, पणतीला झिलई नसतेच. असती तर माठातून पाणी पाझरलं नसतं आणि गारही झालं नसतं. म्हणजे आईच्या हाताला झिलईचं विष कधी लागलंच नाही. आज तिचीच नात चकाकणारे मग बनवते, आणि त्यासाठी खुर्जाकडून येणाऱ्या पांढऱ्या-काळ्या-हिरव्या पुड्या घरात साठवते. काम तेच दिसतं, पण त्यातली जिन्नस बदलली आहे. आणि आईची दोन लेकरं पोटातच गेली, हेही मला ठाऊक आहे. कशानं गेली ते तेव्हा कुणी पाहिलंच नाही, त्यामुळे दोष कशालाच देत नाही. पण "आमचं काय झालं?" असं कुणी म्हटलं की मला ती दोन आठवतात.

झिलईतलं सगळ्यात वाईट म्हणजे शिसं. ते घातलं की झिलई कमी आचेवर वितळते आणि काचेसारखी चमकते, म्हणून शतकानुशतकं जगभर वापरलं गेलं. आपल्याकडे मारुतीला माखतात तो जुना, खरा शेंदूर म्हणजेही शिशाचंच भस्म. शरीराला शिसं आणि हाडांतला चुना, म्हणजे कॅल्शियम, यांतला फरक कळत नाही. ते शिसं हाडांत नेऊन ठेवतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. पोटात लेकरू वाढायला लागलं की त्याच्या हाडांसाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, आणि त्याच्याबरोबर शिसंही. नाळ त्याला अडवत नाही. त्यानं गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाचं वजन कमी भरू शकतं, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून लग्नाआधी चार वर्षं कुठल्या पुड्या हाताळल्या हेही डॉक्टरांना सांगा. आहारात कॅल्शियम कमी पडू देऊ नका. दूध, नाचणी, तीळ, आणि डॉक्टर देतील त्या गोळ्या.

हे मी पुस्तकी सांगत नाही. पहिल्या वेळी मला दिवस गेलेत हे कळायच्या आधी मी एका दुकानातून सुटी पिवळी झिलई आणली होती. पिशवीवर ना नाव, ना घटक. ती मी बंद खोलीत, मास्क न लावता, कोरडीच चाळली. नंतर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि रक्तातलं शिसं तपासायला पाठवलं. निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी चाकाला हात लावला नाही, नीट जेवलेही नाही. निकाल चांगला आला. ती पिशवी मी तशीच बंद करून वर्गात फळीवर ठेवली आहे, मुलींना दाखवायला. तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सांगितलंय की गरोदर बाईच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं निघालं तर ते कुठून येतंय हे शोधून तो संपर्क थांबवायचा. मात्र त्याखाली निर्धास्त राहावं असं नाही; शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी 'लीड-फ्री' झिलईच घेते. चांगलं करता. पण शिसं नाही एवढाच त्याचा अर्थ. काळ्या-तपकिरी रंगांसाठी मँगनीज, काही मॅट झिलयांत बेरियम कार्बोनेट, काहींत लिथियम कार्बोनेट, लाल-नारिंगी रंगात कॅडमियम, हिरव्यात क्रोमियम किंवा तांबं असू शकतं. यांतलं काही औषध म्हणूनही गर्भारपणात जपून देतात, तर काही मुळातच विषारी. लेकरू होईपर्यंत पुड्या मोजणं, चाळणं, कालवणं, फवारणं हे काम दुसऱ्याला द्या. नवऱ्याला द्या, दिराला द्या, मला द्या. ते करत असताना तुम्ही त्या खोलीतसुद्धा थांबू नका. तयार, पातळ झिलईत भांडं बुडवायचंच असेल तर हातमोजे घाला आणि तोंडाला हात लावू नका.

धुळीचं मी वेगळं सांगते, कारण तिला कुणी विष मानत नाही. वाळलेल्या मातीत सिलिका असते. तिचे बारीक कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि परत निघत नाहीत. वर्षानुवर्षं गेले की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो. पोटातल्या लेकराला श्वास तुमच्याच फुप्फुसातून मिळतो. म्हणून वाळलेली माती कुटू नका, सुकलेल्या भांड्याला पॉलिश पेपर घासू नका, आणि कामाच्या जागी केरसुणी लावू नका. फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्या. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. एन-95 लागतो, आणि वरच्या महिन्यांत धाप लागते तेव्हा तो लावून काम करणं जड जातं. त्यापेक्षा धूळच उडू न दिलेली बरी.

मग आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या पेटल्या की जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो आईच्या रक्तात प्राणवायूची जागा घेतो, बाळाच्या रक्तात तर आणखी घट्ट धरून बसतो आणि उशिरा सुटतो. विजेच्या भट्टीतूनही पहिल्या भाजणीत तो निघतो, तेव्हा "आमची भट्टी विजेची आहे" म्हणून निर्धास्त होऊ नका. आवा लागला की त्या दिवशी माहेरी जा, शेजारी बसा, काहीही करा. आणि उन्हाळ्यात माठांचा हंगाम, बाहेर बेचाळीस अंश, त्यात आव्याची धग. पहिल्या तीन महिन्यांत अंग एवढं तापणं बाळाला बरं नाही. मातीची पोती उचलू नका हे तर कुणीही सांगेल.

एक गोष्ट बायका मला सगळ्यात शेवटी, खाली बघून सांगतात. मातीचे डोहाळे. पहिल्या पावसाचा वास, भिजवलेल्या मातीचा वास, आणि मग हळूच एक खडा तोंडात. लाजू नका. बऱ्याचदा त्यामागे अंगात लोह कमी असतं. हिमोग्लोबिन तपासा, गोळ्या घ्या. पण माती खाऊ नका. त्यात जंत असतात, जड धातू असू शकतात, आणि कामाच्या खोलीतली माती तर मुळीच नाही, तिच्यात काय काय सांडलेलं असतं. चहा, जेवण, पाण्याची बाटली हेही त्या खोलीबाहेर. बाहेरून आणलेला गाळ उघडा पडला असेल तर मांजर त्यात घाण करून जातं. त्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी लागतो आणि तो गर्भाला इजा करतो. असा गाळ मळताना हातमोजे घाला, ढीग झाकून ठेवा.

लेकरू झालं की संपलं असं नाही. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हाला ठाऊक आहे: त्यांची बायको संती पाण्याला गेली, काका भजनात रंगून माती तुडवत होते, आणि रांगतं लेकरू पायाखाली आलं. विठ्ठलानं ते परत दिलं. लहानपणी आईजवळ बसून ती ऐकताना मी विठ्ठलाकडे बघायची. आता बघते ती त्या रांगणाऱ्या लेकराकडे. लेकरू आईबापाच्या मागे कामाच्या जागी येणारच, हात जमिनीला लावणारच आणि तोंडात घालणारच. म्हणून कामाचे कपडे वेगळे, धुणंही वेगळं, घरात येण्याआधी हात कोपरापर्यंत, नखांसकट धुवायचे. केस बांधून फडक्यात. पाजायला बसण्याआधी कुडता बदला.

गेल्या वर्षी सातव्या महिन्यातली एक मुलगी माझ्याकडे संक्रांतीचे खण, म्हणजे सुगडी, करायला येत होती. चाकापाशी वाकवेना, म्हणून तिला उंच पाटावर बसवून हातानंच करायला दिलं. माती मी भिजवून ठेवायची, फरशी तिच्या येण्याआधी पुसायची, आवा ती नसेल त्या दिवशी लावायची. तिनं ऐंशी खण केले. तुम्हीही या. माती भिजवलेली असेल.