पत्रिका डॉट एपीके

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात निम्मं काम दुरुस्तीचं नसतंच. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगची पट्टी याचे पैसे मिळतात. बाकी दिवसभर माणसं येतात ती 'जरा बघ ना' म्हणत. अक्षर मोठं कर, फोटो नव्या फोनवर घे, आधारचा ओटीपी का येत नाही ते बघ. याचे पैसे कुणी देत नाही आणि मागायची सोयही नाही, कारण समोर नात्यातलं नाहीतर शाळेतलं माणूस असतं.

बार्शीत एसटी स्टँडजवळ माझं दुकान आहे. २०२५ च्या लग्नसराईत एका सकाळी मी शटर वर करतोय तोवर आमचे गुरुजी पायरीवर बसलेले दिसले. चौथीला वर्गावर होते, आता निवृत्त. म्हणाले, "बापू, माझ्या नावानं रात्रीपासून काहीतरी चाललंय रे. मी कुणालाही पैसे मागितले नाहीत."

त्यांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर नंबर टाका म्हणून विचारत होतं. म्हणजे खातं दुसऱ्या फोनवर गेलेलं. मेसेज बघितले. आदल्या संध्याकाळी 'लग्नपत्रिका' नावाची फाइल उघडली का, असं विचारल्यावर म्हणाले, "हो. आपल्या जाधवानं पाठवली होती. उघडलीच नाही पण." ती उघडत नाहीच. पत्रिकेचा फोटो असता तर दिसला असता. ही फाइल एपीके होती, म्हणजे अख्खं अ‍ॅप. ते फोनवर चढतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण 'हो, हो' करत पुढे जातो. मग चोर त्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गुरुजींचा नंबर टाकतो. सहा आकडी कोड येतो गुरुजींच्या फोनवर, पण तो वाचतं हे अ‍ॅप आणि पाठवून देतं त्याला. लोकांना वाटतं हॅकर म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करणारा कुणीतरी. इथं काही फोडावंच लागत नाही. जाधवाच्या नावावर गुरुजींचा विश्वास, गुरुजींच्या नावावर अख्ख्या तालुक्याचा.

इथं बरीच दुकानदार पोरं चुकतात. आधी व्हॉट्सअ‍ॅप परत मिळवायला जातात. अ‍ॅप फोनवर असताना नवा कोड मागवला तर तोही चोराकडेच जातो. म्हणून मी आधी सिम काढलं आणि माझ्या जुन्या बटणांच्या डब्बा फोनमध्ये घातलं. त्यावर कुठलं अ‍ॅप काय वाचणार! फोनचं नेट बंद करून सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून चढवलेली अ‍ॅप चालत नाहीत अशा पद्धतीने, चालू केला. अ‍ॅपची यादी वरून खाली बघत गेलो. चिन्ह करड्या चाकाचं, नाव 'सिस्टीम'पासून सुरू होणारं, म्हणजे गुरुजींनी आयुष्यात त्याला हात लावला नसता. आत माहितीत खाली बघितलं तर प्ले स्टोअरवरून आलेलं नाही. फोनवर जादा अधिकार देणाऱ्या डिव्हाइस अ‍ॅडमिनच्या यादीत जाऊन बसलेलं, म्हणून 'अनइन्स्टॉल' बटण करडं. आधी तिथला टिक काढला, मग ते उडवलं. मेसेजचं मूळ अ‍ॅपही याने बदलून स्वतःला लावलं होतं, ते परत जाग्यावर आणलं. तेव्हा कुठे वायफाय जोडून कोड मागवला. डब्ब्यावर आला, तिथून बघून टाकला.

आणि व्हॉट्सअ‍ॅपने पिन मागितला, म्हणजे कोडनंतरचं दुसरं कुलूप. गुरुजींनी पिन कधी लावलाच नव्हता, चोराने लावला होता. आपला कोड टाकल्याबरोबर तो बाहेर फेकला जातो हे खरं, पण त्याचा पिन माहीत नसेल तर आपल्याला सात दिवस थांबावं लागतं. गुरुजी सात दिवस मुके. एकेकाला मी माझ्या फोनवरून कळवत बसलो.

दुपारपर्यंत दुकानात आठ-नऊ जण आले. सगळ्यांचं एकच, "गुरुजींनी पाठवली म्हणून उघडली." त्यात माझी वहिनीही. तिने तर पत्रिका उघडेना म्हणून तीनदा दाबली होती.

गुरुजींच्या खात्यातला एक रुपया गेला नाही. ते यूपीआय वापरत नाहीत, अजून पासबुक छापून आणतात. पैसे गेले दोन विद्यार्थ्यांचे. एकाचे दहा हजार, एकाचे वीस. 'दवाखान्यात आहे, उद्या परत करतो' एवढ्या एका ओळीवर. वीसवाल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो मी सांगितल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी. पहिल्या तासा-दोन तासांत लावला असता तर पुढच्या खात्यात पैसे अडवायची संधी असते. तोवर ते तिथून पुढे निघून गेले होते.

संध्याकाळी मी गुरुजींबरोबर तक्रार द्यायला गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "तुमचे किती गेले?" काही नाही म्हटल्यावर, "मग ज्यांचे गेले त्यांना पाठवा." माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ सी आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणं हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मी तसं म्हणालोही. मोबाइलवाल्याने कलम सांगितल्यावर जे होतं तेच झालं. शेवटी अर्जावर पोच मिळाली.

पण मी हे लिहितोय ते त्यासाठी नाही.

सकाळी साफसफाई करताना मी सेटिंगमधलं 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' हे पान उघडलं होतं. अँड्रॉइडमध्ये ही परवानगी अ‍ॅपनिहाय असते. व्हॉट्सअ‍ॅपमधून एपीके चढवायची तर व्हॉट्सअ‍ॅपला ती मुद्दाम द्यावी लागते, नाहीतर फोन वाटेतच अडवतो, सेटिंगमध्ये जा म्हणतो. तिथेच गुरुजींसारखा माणूस कंटाळून फोन खाली ठेवतो. यादीत व्हॉट्सअ‍ॅपसमोर लिहिलं होतं, 'परवानगी आहे'. घातक अ‍ॅप पकडणारं गूगलचं प्ले प्रोटेक्टही बंद.

ते मी केलेलं. २०२२ च्या आयपीएलला. मॅच बघायला पैसे भरावे लागायचे, म्हणून मी एक फुकटातलं अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवरून त्यांना पाठवलं, परवानगी देऊन चढवलं. प्ले प्रोटेक्ट कुरकुर करत होतं, ते बंद केलं. परत चालू करायचं राहून गेलं. राहून गेलं असंही नाही, मी कधीच करत नसे. त्या मोसमात असे किती फोन माझ्या हातून गेले, मोजदाद नाही.

मी दोन्ही गुपचूप नीट केलं, ते फुकटातलं अ‍ॅपही काढून टाकलं आणि फोन पुसून त्यांच्या हातात दिला.

महिन्याभराने वीसवाला दुकानात काच बसवायला आला. म्हणाला, गुरुजींनी दोघांचे पैसे पेन्शनमधून दिले. हा घेईना, तर घरी येऊन टेबलावर ठेवून गेले. "माझ्या नावाने गेलेत," म्हणाले.

त्यानंतर दोन दिवसांनी गुरुजी स्वतः आले. पन्नासची नोट काउंटरवर ठेवली, मी सरकवली, त्यांनी परत सरकवली. मग म्हणाले, "बापू, बाकी सगळं ठीक आहे, पण तू लावून दिलेली ती मॅच दिसायची बंद झाली रे. तेवढं बघतोस?"

मी म्हणालो, "ते अ‍ॅप आता बंद पडलं गुरुजी."