कोपऱ्यातलं अठरावं मशीन

२०१४ चा जून. एप्रिलच्या ८ तारखेला विंडोज एक्सपीचे अपडेट कायमचे बंद झाले होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलच्या लॅबमध्ये अठरा पेंटियम फोर मशीनं धूळ खात पडली होती. निम्म्यांच्या हार्डडिस्क गेलेल्या, रॅम कुठे ५१२ एमबी, कुठे २५६. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "यातलं काही वाचेल का?" मी म्हटलं, सगळी वाचतील, सर. हार्डडिस्क लागणारच नाही.

यासाठी एलटीएसपी नावाची मोफत प्रणाली आहे, १९९९ पासून चालत आलेली. एक दमदार सर्व्हर ठेवायचा. जुनं मशीन चालू झालं की त्याच्या लॅन कार्डातला पीएक्सई रॉम (नेटवर्कवरून मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम) नेटवर्कवर पत्ता मागतो, पत्ते वाटणारा डीएचसीपी पत्ता आणि बूट फाइलचं, म्हणजे आधी उचलायच्या फाइलचं, नाव देतो, टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीनं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, येतो आणि पुढची सगळी प्रणाली तारेवरूनच वाचली जाते. मुलं वापरतात ते प्रोग्राम सर्व्हरवर चालतात. समोरच्या मशीनकडे फक्त चित्र दाखवायचं काम राहतं आणि तेवढं काम पेंटियम फोर आरामात करतं.

पहिले दोन दिवस नेहमीच्या भानगडीत गेले. बहुतेक मदरबोर्डांचे सेल मेलेले, त्यामुळे लाइट गेली की मशीन बूटचा क्रम विसरायचं. सेल बदलले. रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. काही मशीनांवर पीएक्सई-ई५३ ही चूक यायची, म्हणजे पत्ता मिळाला पण बूट फाइलचं नाव नाही. ऑफिसमधला ब्रॉडबँडचा राउटर त्याच नेटवर्कवर होता आणि माझ्या सर्व्हरच्या आधी तोच उत्तर देऊन मोकळा होत होता. त्याचा डीएचसीपी बंद केला आणि ती कटकट मिटली.

अठराव्या मशीनचा लॅनचा पोर्ट आदल्या पावसाळ्यात विजेनं जळला होता. शाळेच्या कपाटात एक जुनं लॅन कार्ड सापडलं, ते बसवलं. त्यात बूट रॉम नव्हता, म्हणून तेच काम करणाऱ्या आयपीएक्सई या प्रोग्रामची सीडी करून त्यावरून बूट केलं. बाकीची मशीनं सव्वा मिनिटात लॉगिनपर्यंत यायची, याला चार मिनिटं लागली. जुनं आहे म्हणून मी ते सोडून दिलं. तिथेच थांबून बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सातवीचा वर्ग आला. अठराही मशीनं एकदम चालू केली. दहा मिनिटांनी जेमतेम चार जणांना लॉगिन दिसलं. ज्यांना दिसलं त्यांचा माउसचा बाण छान फिरत होता, कारण तो मशीनमध्येच हलतो, पण क्लिक केल्यावर मेनू उघडायला अर्धं मिनिट. मुलं काही बोलत नव्हती. हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसली होती, आणि ते मला फार लागलं.

सर्व्हर पाहिला तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा, मेमरी अर्ध्याहून जास्त शिल्लक. म्हणजे अडचण तारेत. सर्व्हर ते स्विच (सगळ्या मशीनांच्या तारा जिथे जुळतात तो डबा) ही केबल बदलली. स्विच बंद करून चालू केला. काही फरक नाही.

मधल्या सुट्टीत संगणकाच्या बाई म्हणाल्या, "सर, काल दुपारी माझी दहावीची मुलं बसली होती ना, तेव्हा सतरा चालू होती आणि काहीच अडलं नव्हतं. आज फक्त ते कोपऱ्यातलं वाढलंय."

मी जाऊन कोपऱ्यातलं मशीन बंद केलं. काही सेकंदांत अडकलेले सगळे स्क्रीन धडाधड पुढे सरकले. पुन्हा चालू केलं, सगळे पुन्हा गपगार. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

कॅबिनेट उघडून टॉर्च धरला. कार्डावर लॅनच्या चौकोनी खाचेशेजारी जुन्या कोअॅक्सियल केबलसाठीचं गोल पितळी तोंड होतं. धूळ पुसल्यावर चिपवरचा आकडा दिसला: रिअलटेक ८०२९. म्हणजे सेकंदाला १० मेगाबिटचं कार्ड. बाकीची १०० ची, सर्व्हर १००० वर.

पण प्रत्येक मशीनची तार स्वतंत्र आहे. एकाच्या हळूपणानं सतरांची वाट का अडावी? सर्व्हरच्या इंटेल कार्डाचे मोजणीचे आकडे इथटूल या कमांडनं काढले. त्यात 'आरएक्स फ्लो कंट्रोल एक्सऑफ' नावाचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता.

एक्सऑफ म्हणजे स्विचकडून आलेला 'थांब'. कोपऱ्यातल्या मशीनसाठीचा माल दहाच्या तारेत मावेना, स्विचची साठवण भरत आली, की काही सांडू नये म्हणून तो सर्व्हरला पॉज फ्रेम पाठवायचा. ती फ्रेम कुणासाठी थांबायचं हे सांगत नाही, नुसतं थांब म्हणते. मग सर्व्हर अठरांसाठीही थांबतो. सर्व्हरच्या गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या तारेवर अशी एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांपर्यंत थांबवू शकते, आणि त्या एकामागून एक येत होत्या. स्विच बिघडलेला नव्हता. त्याला जे शिकवलंय तेच तो इमानानं करत होता.

उपाय एका ओळीचा: सर्व्हरच्या कार्डावर फ्लो कंट्रोल, म्हणजे ही 'थांब'ची देवाणघेवाण, दोन्ही बाजूंनी बंद. आता स्विचमधून काही सांडलं तर टीसीपी हा माल पोचल्याची खात्री करणारा नियमसंच ते पुन्हा पाठवतो आणि ज्याची तार अरुंद त्याचाच वेग कमी करतो. कमांड दिली, लिंक क्षणभर तुटून परत जुळली. लाइट गेल्यावर हे पुसलं जाऊ नये म्हणून सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येही लिहून ठेवलं.

सुट्टी संपली, मुलं परत आली. अठराही मशीनं चालू केली. सतरा नीट चालली, कोपऱ्यातलं एकटंच रेंगाळलं. तिथे बसलेल्या मुलीला मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात तुला नवीन कार्ड आणतो. आणलंही, १०० चं. त्यातही बूट रॉमची जागा रिकामी होती, त्यामुळे सीडी तेवढी राहिली.

त्या दुपारी टक्स पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये वर्गभर होड्या आणि माड निघाले. बाई रांगांमधून फिरत होत्या. मी सर्व्हरपाशी उभा राहून तो एक्सऑफचा आकडा बघत होतो. तास संपेपर्यंत तो हलला नाही.