खारी, पुरवणी आणि साडेपाच

आमच्याकडे अलार्म वाजत नाही, नाक लागतं. पहाटे साडेपाचला, गार आणि ओलं, बहुतेक वेळा कोपराला, कोपर पांघरुणात असेल तर तळपायाला, आणि तेही नाही जमलं तर गादीवर हनुवटी टेकवून असा एक लांब उसासा की जणू घराचे सगळे हप्ते हीच भरते. ही आमची खारी. गावठी कुत्री, सतरा किलो, रंग बेकरीतल्या खारीसारखाच, पण नाव त्यावरून नाही. चार वर्षांपूर्वी पावसात पार्किंगमध्ये शिरली आणि वॉचमनकाकांनी चहात बुडवायला घेतलेली खारी हातातून पळवली, तेव्हापासून तेच चिकटलं.

त्याआधी मी आठला उठायचे. उठलं की मोबाईल, मग चहा, मग चहासोबत परत मोबाईल, आणि मग नऊला धावाधाव. आता सगळ्यात आधी मोजे. मोज्यांचा ड्रॉवर उघडला की हिची शेपटी कपाटाच्या दारावर ढोलपथकासारखी वाजायला लागते, मग आतून बाबा, "अगं तिला आधी बाहेर ने, पायात काय घालायचंय ते लिफ्टमध्ये घाल!" रविवार हिला कळत नाही. उजेड-अंधारही कळत नाही, मे महिन्यात सहाला उजाडतं तेव्हा ठीक आहे, पण जानेवारीत सूर्य सातनंतर येतो तरी नाक साडेपाचलाच, मग मी कानटोपी घालून एका हातात पट्टा आणि एका हातात बॅटरी. उन्हाळ्यात मात्र तिचंच बरोबर असतं. एप्रिलमध्ये डांबर दिवसभर तापतं, हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघायची, आपल्याला चटका बसला तर तिच्या पंजालाही बसणार, त्यामुळे जे काय फिरायचं ते सकाळीच.

आम्ही कोथरूडला राहतो, म्हणजे वेताळ टेकडी डोक्यावरच. मी जन्मापासून पुण्यात आहे पण शहरातल्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, पहिल्यांदा गेले ती वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तेही कुत्रीनं ओढत नेलं म्हणून. वर वेताळबाबाचं देऊळ, खाणीतलं पाणी, आणि मोर. मोर ओरडला की खारीचे दोन्ही कान टाईट, एक पाय हवेत, त्यामुळे तिथे पट्टा सोडायचा नाही म्हणजे नाही, किती का गरीब डोळे करेना. २०२३ मध्ये टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायच्या विरोधात लोक मोर्चात उतरले, तेव्हा मीही गेले. आधीची मी असते तर "बरंय की, पौड फाटा लवकर येईल" म्हणून मोकळी झाले असते.

टेकडीवर मला नाव नाही. मी खारीची आई. समोरून येतात ते ब्रूनोचे काका, त्यांच्यामागे सिंबाची आई, आणि एक आजोबा ज्यांच्याकडे कुत्रा नाही पण खिशात मारी बिस्किटं असतात, ते मला न बघता थेट तिच्याशी बोलतात. चार वर्षं झाली, एकाचंही खरं नाव माहीत नाही, पण ब्रूनोला कुठल्या ब्रँडचं खाणं सोसत नाही ते तोंडपाठ आहे.

जाताना वाटेत एक बंगला आहे, गेटवर पाटी: "कुत्र्यास वाचता येत नाही, मालकास येत असावे." खारीला बरोबर तिथेच बसायचं असतं. म्हणून खिशात कायम पेपरची पुरवणी. मेन पेपर न्यायचा नाही, बाबांचं शब्दकोडं त्यात असतं, एकदा नेला होता तर दुपारपर्यंत बोलले नाहीत.

हे सगळं गेल्या पावसाळ्यापर्यंत सुरळीत होतं. पावसात गोचिड फार. घरी आलं की रोज तपासणी, कानाच्या आत, पंजाच्या बोटांमधे, पट्ट्याखाली. सापडला की बोटानं चिरडायचा नाही, चिमट्यानं कातडीला लागून पकडायचा, सरळ ओढायचा आणि वाटीतल्या साबणाच्या पाण्यात टाकायचा. डावा कान मी चार दिवस टाळला, कारण तिला तिथे हात लावलेला आवडत नाही आणि मला ऑफिसला उशीर होत होता. बास. आठवड्याभरात हिनं खाणं सोडलं, चिकनचं पाणी पुढे ठेवलं तरी मान फिरवली. रक्त तपासलं, प्लेटलेट्स ४० हजार, निदान दीड-दोन लाख तरी हव्यात. टिक फीवर. डॉक्टरांनी २८ दिवसांचं डॉक्सीसायक्लिन दिलं. गोळी उकडलेल्या अंड्यात लपवायची, ही अंडं खाणार आणि गोळी स्वच्छ करून फरशीवर ठेवणार.

आणि मी साडेपाचला जागी. नाक नाही, उसासा नाही, ती बाल्कनीच्या दाराशी गोणपाटावर झोपलेली आणि मी अंथरुणात टक्क. लवकर चहा करून बघितला, मोबाईल बघितला, तिसऱ्या दिवशी मोज्यांचा ड्रॉवर नुसताच उघडला. शेपटी हलली, एकदाच, ती उठली नाही. मग एकटीच टेकडीवर गेले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. आजोबांनी बिस्किट काढलं आणि माझ्या मागे बघत राहिले. "अगं, पोरगी कुठाय?" सांगितलं. त्यांनी ते बिस्किट मलाच दिलं, आणि मी खाल्लं, काय करणार.

अकराव्या दिवशी तळपायाला गार लागलं. मला वाटलं पंखा. मग उसासा आला.

मोजे घातलेच नाहीत, चपला अडकवून निघालो, टेकडी वगैरे काही नाही, हळूहळू त्या पाटीवाल्या गेटपर्यंत. तिथे तिनं खांब हुंगला, मग गटाराचं झाकण, मग परत खांब, दहा दिवसांत कोण कोण येऊन गेलं ते सगळं अगदी सावकाश वाचून काढलं. आणि मग पाटीच्या बरोबर खाली बसली. मी खिशात हात घातला तर पुरवणी नव्हती, आणि गेटच्या आत लाईट लागला.