दुपारी परत येता येईल असं हॉटेल

मागच्या एका सहलीत आम्ही पैसे वाचवायला शहराबाहेरचं हॉटेल घेतलं होतं. खोली ऐसपैस, खिडकीतून झाडं, तक्रारीला जागा नाही. पण सकाळी नऊला निघालं की रात्री नऊलाच परत. मधल्या वेळात पाठ टेकायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी नवरा एका संग्रहालयातल्या बाकावर बसल्या बसल्या घोरायला लागला आणि समोरचं चित्र सोडून लोक त्याच्याकडे बघायला लागले. त्याच संध्याकाळी मी ठरवलं: पुढच्या वेळी हॉटेल असं हवं, की दुपारी दोन तास परत येता आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

म्हणून या वेळी ऐन शहराच्या मध्यावर, ना फार महाग ना फार स्वस्त, असं हॉटेल शोधायला बसले. शोधताना एक कळलं. ‘मध्यापासून एक किलोमीटर’ असं लिहिलेलं अंतर बऱ्याचदा कावळ्याच्या वाटेनं मोजलेलं असतं. मध्ये नदी किंवा रेल्वेचे रूळ असले की माणसाच्या वाटेनं त्याचे दोन कधी होतात कळत नाही. त्यामुळे प्रत्येक हॉटेलापासून पायी किती मिनिटं, ते नकाशावर बघितलं. फोटोंवर तर मी विश्वासच ठेवत नाही, रुंद भिंगानं काढलेल्या फोटोत कपाटसुद्धा दिवाणखाना दिसतो. खोली किती चौरस मीटर आहे ते बघावं. बारा असेल तर दोन बॅगा एका वेळी उघडत नाहीत, अठराला नीट वावरता येतं. आणि रिव्ह्यू वाचायचे ते सगळ्यात ताजे, त्यातही ‘आवाज’, ‘लिफ्ट’ आणि ‘गरम पाणी’ हे तीन शब्द हुडकायचे. ‘कर्मचारी हसतमुख’ वगैरे मी वाचत नाही.

पोचलो सकाळी अकराला, खोली मिळणार तीनला. पूर्वी मला याचा राग यायचा. पण आधीचे पाहुणे बाराला उठणार, मग सगळ्या मजल्यांच्या चादरी एकदम बदलायच्या, हा हिशोब मांडला की तीन वाजणारच. बॅगा सांभाळायला दिल्या, त्यांची चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि निघालो.

पहिली खोली लिफ्टला लागून निघाली. दर दोन मिनिटांनी ‘टिंग’. मी बॅग न उघडताच खाली गेले (उघडली की मग कोणी हलत नाही, स्वतः आपणही) आणि आतल्या अंगाची, लिफ्टपासून लांबची खोली मागितली. दहा मिनिटांत मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाइप दिसत होते. नवऱ्याचं तोंड पडलं. मी म्हटलं, शहर बघायला खाली जायचंय, झोपायला वर यायचंय. रस्त्याकडचं दृश्य पहाटे पाचला कचऱ्याच्या गाडीसकट येतं.

रात्री बाथरूमच्या भिंतीपलीकडून शेजाऱ्यांच्या नळाचा आवाज यायचा. याचं मूळ मला माहीत होतं, त्यामुळे नवऱ्याला ऐकवल्याशिवाय राहवलं नाही. एल्सवर्थ स्टॅटलर नावाच्या हॉटेलवाल्यानं 1908 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात प्रत्येक खोलीला स्वतःची बाथरूम असलेलं मोठं हॉटेल काढलं. तेव्हा ही चैन होती. ती परवडावी म्हणून त्यानं शेजारच्या दोन खोल्यांच्या बाथरूम पाठीला पाठ लावून बांधल्या आणि दोघींचे पाइप मधल्या एकाच पोकळीतून वर नेले. आजही मधल्या दर्जाची कितीतरी हॉटेलं अशीच बांधतात. म्हणजे शेजाऱ्यांचे दात घासणं आपल्या नशिबी आलं ते तेव्हापासून. ‘झोपू दे आता,’ एवढीच त्यावर प्रतिक्रिया आली.

खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. पांढऱ्या चादरी, कारण त्या कडक गरम पाण्यात आणि ब्लीचमध्ये धुता येतात आणि डाग लपत नाही. उशाशी दिव्याचं बटण, तिथेच प्लग. पलंगाखाली जाऊन प्लग शोधावा लागला नाही, याला मी पाचपैकी एक तारा वेगळा देईन. दारामागे आगीच्या वेळी बाहेर पडायचा नकाशा होता. तो मी वाचते, आणि जिन्यापर्यंत किती दारं लागतात तेही मोजून येते. धुरात नकाशा दिसत नाही, आकडा लक्षात राहतो. आमची सहा होती.

आणि दुपार! एक वाजता परत यायचं, बूट काढायचे, जाड पडदे ओढायचे की भर दुपारी मिट्ट काळोख. पहिल्या दिवशी डोळा लागतो न लागतो तोच सफाईवाल्या बाईंनी दार वाजवलं. त्या बिचाऱ्या अवघडल्या, मी त्याहून. दुसऱ्या दिवसापासून सकाळी निघतानाच खाली सांगून ठेवलं की आमची खोली आधी करा. मग परत येईपर्यंत चादरी ताणलेल्या असायच्या. साडेतीनला उठून, तोंड धुऊन पुन्हा बाहेर. एका दिवसाचे दोन दिवस व्हायचे. नवऱ्याच्या गुडघ्यानं तीन दिवसांत एकदाही कुरकुर केली नाही, आणि आम्हीही एकमेकांवर फारसे खेकसलो नाही.

घोळ झाला तो माझ्या पर्सनं. तिची कडी चुंबकाची. खोलीचं कार्ड काळ्या पट्टीचं, पर्समध्ये पडलं की पट्टीवरची नोंद पुसली जायची. दोनदा सहाव्या दारापासून खाली जाऊन ते पुन्हा भरून आणलं. तिसऱ्यांदा काउंटरवरच्या मुलीनं नवीन कार्ड दिलं ते थेट नवऱ्याच्या हातात.

शेवटच्या दिवशी गाडी रात्रीची आणि खोली बाराला सोडायची. तास-दोन तास वाढवून मिळतील का विचारलं, पण त्या दिवशी हॉटेल भरलेलं होतं. बॅगा पुन्हा त्याच कोपऱ्यात गेल्या. शेवटची एक गल्ली राहिली होती, ती बघून यायचं ठरलं होतं. एक वाजला तशा तीन दिवसांच्या सवयीच्या पापण्या जड झाल्या. लॉबीतल्या सोफ्यावर पाचच मिनिटं टेकू म्हटलं. जाग आली ती काउंटरवरच्या मुलीच्या हाकेनं. साडेचार वाजले होते, नवरा शेजारी पेपर वाचत होता आणि समोर नुकतंच आलेलं एक जोडपं माझ्याकडे बघत होतं.